राळेगण सिद्धी

राळेगण सिद्धी : महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यातील एक गाव. पुणे–अहिल्यानगर महामार्गापासून काही किमी. आत वसलेल्या या गावाचे क्षेत्र सु. ९८० हेक्टर आहे. मृद्-जलसंधारण, दारूबंदी आणि ग्रामसभेने चालविलेला गावकारभार यांमुळे १९७५ नंतर ते देशभर परिचित झाले. गावाची ओळख सामान्यतः अण्णा हजारे (जन्म १५ जून १९३७) यांच्या नावाशी जोडली जाते, व ते बव्हंशी यथार्थ आहे. तथापि एका लहान खेड्याने आपल्या सामाईक पाण्याविषयी घेतलेले निर्णय आणि ते पाळले जावेत म्हणून उभी केलेली व्यवस्था, हा या गावाच्या इतिहासाचा अधिक अभ्यसनीय भाग होय.

पारनेर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत येतो. त्याच्या उत्तरेस मुळेचे, तर दक्षिणेस कुकडी व घोड या नद्यांचे खोरे असून मधला बराचसा प्रदेश कान्हूर पठारासारख्या उंच, उघड्या माळांचा आहे. कुकडीच्या काठी निघोज येथे नदीच्या बेसाल्ट खडकात पडलेले प्रचंड रांजणखळगे पाहावयास प्रवासी येतात. नदीकाठची अशी गावे सोडल्यास तालुक्यातील बहुतेक वस्ती नद्यांपासून दूर व त्यांच्या पातळीहून उंचावर आहे. पाणी दिसते, पण वर चढत नाही, अशी येथील स्थिती. त्यामुळे पाण्याचा प्रश्न हा येथे प्रत्येक स्थानिक संस्थेचा पहिला प्रश्न ठरतो. खुद्द पारनेर शहरही त्यास अपवाद नाही. जुलै २०२० मध्ये तेथील नगरपंचायतीच्या पाच नगरसेवकांनी शिवसेना सोडून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात प्रवेश केला व काही दिवसांतच ते स्वपक्षी परतले. राज्यात सत्तेवर असलेल्या दोन मित्रपक्षांतील हा तंटा राज्यभर गाजला, तेव्हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा रेंगाळलेला प्रश्नही त्या निमित्ताने पुढे आला होता.

राळेगणचे वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ४० ते ५० सेंमी. असून तेही अनिश्चित असते. जमीन उताराची, माती उथळ, खाली मुरूम व कातळ. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी ही कोरडवाहू पिके घेतली जात. १९७५ च्या सुमारास गावातील ओलिताखालील जमीन जेमतेम ७० एकर (सु. २८ हेक्टर) होती. १९७२ च्या दुष्काळाने तर गाव खचलेच. शेती पुरेना म्हणून अनेकांनी हातभट्टीची दारू गाळण्याचा धंदा पत्करला होता आणि भट्ट्यांची संख्या तिसाच्या वर गेली होती. ग्रामदैवत संत यादवबाबा यांच्या मंदिराचे लाकूडही या भट्ट्यांत जळून गेले, असे सांगतात.

हजारे हे सैन्यात वाहनचालक होते. १९६५ च्या भारत–पाकिस्तान युद्धात खेमकरण आघाडीवर ते थोडक्यात बचावले. १९७५ मध्ये सेवानिवृत्त होऊन ते गावी परतले आणि स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून त्यांनी यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार सुरू केला. आरंभ मंदिरापासून झाला, हे व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. गावात सर्व वाड्यांतील लोकांनी एकत्र बसावे अशी दुसरी जागाच नव्हती. पुढे गावाच्या बैठका मंदिराच्या प्रांगणात भरू लागल्या व तेथे झालेल्या निर्णयास शपथेचे स्वरूप येऊ लागले.

जलसंधारणाचा प्रारंभ एका फसलेल्या सरकारी कामापासून झाला. दुष्काळी कामांतून गावात पाझर तलाव बांधला गेला होता, पण त्याच्या बांधातून पाणी वाहून जाई आणि तलाव पावसाळ्यानंतर लवकरच कोरडा पडे. ग्रामस्थांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना प्रथमच पाणी टिकले. हा परिणाम डोळ्यांनी दिसल्यावर पुढील कामांस माणसे मिळविणे सोपे झाले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी चालविलेल्या पाणी पंचायतीच्या प्रयोगापासूनही राळेगणने बोध घेतला. त्या प्रयोगात पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीशी न जोडता कुटुंबातील माणसांच्या संख्येशी जोडलेला होता. दरडोई अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल एवढेच पाणी मिळे, भूमिहीनांसही वाटा असे आणि ऊस लावण्यास मनाई असे.

राळेगणात माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने कामे झाली. डोंगरउतारावर समतल चर, वृक्षलागवड व गवताचे संरक्षण, ओघळींत दगडी बंधारे, शेतांत बांधबंदिस्ती आणि खाली मातीचे व सिमेंटचे नालाबांध, असा हा क्रम होता. शासकीय योजनांचा पैसा व ग्रामस्थांचे श्रमदान यांची त्यात सांगड घातलेली होती. उतारावरून धावणारे पाणी चालते करावे आणि चालणारे थांबवून जमिनीत मुरवावे, एवढेच या तंत्राचे सार आहे. मात्र माथ्यावरील काम टाळून केवळ खालचे बांध घातल्यास ते काही पावसाळ्यांत गाळाने भरतात. अन्यत्र अनेक गावांची कामे याच चुकीमुळे वाया गेली आहेत.

तथापि पाणी अडविणे हा प्रश्नाचा अर्धा भाग होय. एका हेक्टरवर १ मिमी. पाऊस पडला म्हणजे १० घ. मी. पाणी मिळते. त्या हिशेबाने ४० सेंमी. पावसाच्या वर्षी राळेगणच्या शिवारात सु. ३९ लाख घ. मी. पाणी पडते. ही संख्या मोठी भासली, तरी त्याचा बराच भाग बाष्परूपाने उडून जातो किंवा वाहून जातो आणि विहिरींपर्यंत अल्पांशच पोहोचतो. पाटाने पाणी दिलेल्या उसास वर्षाकाठी हेक्टरी सु. २०,००० घ. मी. पाणी लागू शकते. ज्वारी-बाजरीसारखी पिके त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात निघतात. एका शेतकऱ्याच्या एक हेक्टर उसासाठी चार-पाच शेतकऱ्यांचे पीक कोरडे राहावे, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. ज्याची विहीर अधिक खोल व पंप अधिक शक्तीचा, त्याच्याकडे सर्वांनी मुरविलेले पाणी ओढले जाते. श्रमदान सर्वांचे आणि लाभ काहींचा, असे झाल्यास पुढच्या वर्षी श्रमदानास कोण येणार? राळेगणने उसासारखी अधिक पाणी खाणारी पिके न घेण्याचे ठरविले, त्यामागे हा विचार होता. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावरही निर्बंध आला.

या निर्णयांस कायद्याचा आधार जवळजवळ नव्हता. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ पासून चालत आलेल्या समजुतीनुसार जमिनीखालचे पाणी व्यवहारतः जमीनमालकाचे मानले जाते, आणि शेतकऱ्याने कोणते पीक घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस नाही. महाराष्ट्रात भूजलविषयक पहिला कायदा १९९३ मध्ये झाला, तोही पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवांच्या संरक्षणापुरता. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने अधिक व्यापक नियंत्रणाची तरतूद केली, पण तो २०१४ मध्ये अंमलात आला. म्हणजे राळेगणचे पीकविषयक निर्णय टिकले ते न्यायालयाच्या नव्हे, तर गावाच्या बळावर. ज्याने ऊस लावला असता, त्याला कोणी कायद्याने अडवू शकले नसते.

हे बळ कशातून आले, याचे उत्तर पाण्याच्या वाटपात सापडते. सामाईक विहिरी काढण्यासाठी व पाण्याच्या वाटपासाठी लाभधारकांच्या संस्था स्थापन झाल्या. जवळून जाणाऱ्या कुकडी प्रकल्पाच्या कालव्यातून पाणी उचलण्याची व्यवस्थाही सहकारी पद्धतीने झाली. प्रत्येकास पाळीने पाणी मिळे. आपली पाळी चुकणार नाही याची शाश्वती असल्यामुळे दुसऱ्याची पाळी मोडण्याची गरज उरली नाही. बाजरी-ज्वारीबरोबर कांदा व भाजीपाला ही नगदी पिके आली. चराईबंदीमुळे मोकाट गुरे व शेळ्या कमी होऊन गोठ्यातील दुभती जनावरे वाढली आणि दूध संकलन हा गावाचा प्रमुख पूरक व्यवसाय झाला. टंचाईत धान्य उसने देणारी धान्यपेढी, सामुदायिक विवाह, गोबरगॅस संयंत्रे व सौरदिवे हे उपक्रमही याच काळातले. शाळेचा विशेष असा, की अन्यत्र नापास झालेल्या मुलांना तेथे प्रवेश दिला जाई.

गावाच्या आचारसंहितेत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी (कुटुंबनियोजन) व श्रमदान ही पाच सूत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांतील नशाबंदीचा इतिहास सर्वांत वादग्रस्त आहे. तरुण मंडळाच्या पुढाकाराने व मंदिरातील निर्धाराने बहुसंख्य भट्ट्या मालकांनी आपण होऊन बंद केल्या. परंतु काहींनी पिणे सोडले नाही, तेव्हा त्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यात आले. हजारे यांनी ही गोष्ट लपविली नाही. आई मुलाला कडू औषध पाजते त्याप्रमाणे ही शिक्षा होती, असे तिचे समर्थन करण्यात आले. हे समर्थन स्वीकारणे कठीण आहे. सज्ञान नागरिकास शारीरिक शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही सभेस नाही, मग तिचा हेतू कितीही चांगला असो. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की येथील शिस्तीत एका नेत्याच्या नैतिक अधिकाराचा व बहुसंख्यांच्या चालीरीतींचा मोठा वाटा होता. विशेषतः दलित कुटुंबांवर शाकाहारासारख्या आचारांचे दडपण आले. दुसऱ्या बाजूस दलितांच्या डोक्यावरील कर्ज फेडण्यासाठी गावाने त्यांच्या जमिनीत श्रमदान केले, त्यांना घरे बांधून दिली आणि सामुदायिक विवाहांत त्यांना सामावून घेतले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात घडल्या. एक सांगून दुसरी वगळणारे वर्णन अपुरेच ठरते.

पुढील काळात दारूबंदीचा मार्ग बदलला. महिला मतदारांच्या ठराविक संख्येने मागणी केल्यास गुप्त मतदान घेऊन गावातील परवानाधारक दुकाने बंद करण्याची तरतूद राज्यात झाली. मतपत्रिकेवरील चिन्हांवरून हे मतदान ‘आडवी बाटली–उभी बाटली’ या नावाने ओळखले जाते. पारनेर तालुक्यातच निघोज येथे २०१६ मध्ये असे मतदान होऊन महिलांनी बाटली आडवी केली. खांबाकडून मतपेटीकडे झालेला हा प्रवास लक्षणीय आहे. त्याच वर्षी अवैध दारूविरुद्ध ग्रामरक्षक दले स्थापण्याची तरतूद राज्याच्या दारूबंदी कायद्यात करण्यात आली. ती हजारे यांच्या मागणीतून आली होती.

ग्रामसभेच्या अधिकारांबाबतही राळेगणच्या अनुभवाचा राज्याच्या कायद्यावर परिणाम झाला. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) अन्वये गावातील सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून अंमल) तिला संविधानात स्थान दिले. तरी ग्रामसभेने ठराव करावा व पंचायतीने तो बाजूस ठेवावा, ही तक्रार कायम राहिली. ग्रामसभा सबल करण्यासाठी हजारे यांनी चळवळ केली आणि २००३ च्या दुरुस्तीने विकासयोजनांना व त्यांवरील खर्चाला ग्रामसभेची मान्यता आवश्यक झाली. योजनांचे लाभार्थी निवडण्याचे कामही तिच्याकडे आले. नियमित सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे. सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. राळेगणएवढ्या गावात शंभर माणसे जमली की सभा कायदेशीर होते. मात्र पाण्याच्या निर्णयास शंभर पुरत नाहीत. जो आला नाही, त्याच्याही विहिरीवर तो लागू व्हावयाचा असतो. म्हणून महत्त्वाचा निर्णय एकदम मताला न टाकता अनेक बैठकांत बोलून, विरोधकाचे म्हणणे ऐकून, सर्वसंमतीने घेण्याकडे गावाचा कल राहिला.

याच कलामुळे पंचायतीची निवडणूकही अनेक वर्षे बिनविरोध होत असे. निवडणुकीने गावात तट पडतात व श्रमदान थांबते, हा त्यामागील युक्तिवाद. त्याचा दुसरा अर्थ असा, की असंतोष मोजण्याचे साधन गावाने बाजूला ठेवले. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत ही परंपरा खंडित होऊन काही जागांसाठी मतदान झाले. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथेही त्याच वेळी सु. तीस वर्षांनंतर प्रथमच मतदान झाले. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली राळेगणचाच मार्ग पुढे नेऊन दरवर्षी पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची व त्यानुसार रब्बीची पिके ठरविण्याची पद्धत रूढ केली आहे. राळेगणात निर्णय बराचसा एका व्यक्तीच्या शब्दावर, तर येथे तो आकड्यांवर उभा राहतो, हा भेद नोंदण्याजोगा आहे.

हजारे यांना पद्मश्री (१९९०) व पद्मभूषण (१९९२) हे सन्मान मिळाले. राळेगणच्या धर्तीवर महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली. निवडीसाठी गावाने श्रमदान व विविध बंदी पाळण्याचा ठराव ग्रामसभेत करणे तीत आवश्यक मानले गेले. योजनेचा प्रसार झाला तरी राळेगणएवढे यश फार थोड्या गावांना लाभले. चर व बांध अंदाजपत्रकानुसार खोदता येतात, परंतु उसाचा मोह आवरण्याची तयारी ठरावाच्या कागदावरून येत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण दिसते. राळेगणची कामे पाहण्यासाठी राज्यातील व परराज्यांतील सरपंच, शेतकरी व विद्यार्थी येत असतात.