मोटारगाड्या, अन्य उत्पादकाच्या एंजिनाच्या

ज्या मोटारगाडीची घडण व विक्री एक कारखाना स्वतःच्या नावाने करतो. परंतु जिचे एंजिन दुसऱ्या मोटारगाडी उत्पादकाकडून तयार आणलेले, त्याच्या परवान्याने बनविलेले अथवा त्याच्या भागीदारीत निर्माण केलेले असते, अशा मोटारगाड्यांचा वर्ग. एंजिन हा मोटारगाडीच्या अतिशय खर्चिक व जटिल घटकांपैकी एक आहे. नव्या एंजिनाचा आराखडा, चाचण्या, ओतकाम आणि ठोकळा, शीर्ष व भुजादंड यांच्या यंत्रणासाठी लागणारी खास यंत्रसामग्री यांवरील भांडवल मोठ्या संख्येने एंजिने तयार झाली, तरच भरून निघते. म्हणून लहान कारखाने, तसेच विशिष्ट प्रकारच्या एंजिनाची तातडीने गरज असलेले मोठे कारखानेही हा मार्ग पत्करतात. मात्र भांडवलाची बचत होते, त्याबरोबरच गाडीच्या भवितव्यावरील नियंत्रणाचा काही भाग पुरवठादाराच्या हाती जातो.

इतिहास : ही प्रथा मोटारगाडीइतकीच जुनी आहे. जर्मन डाइमलर एंजिन फ्रान्समध्ये बनविण्याचे काम पानार व लव्हासॉर या कारखान्याने हाती घेतले होते. प्यूझो कारखान्याच्या पहिल्या पेट्रोल गाड्यांत (१८९०–९१) याच कारखान्याची एंजिने होती. १८९६ मध्ये प्यूझोने स्वतःचे एंजिन तयार केले. अमेरिकेत १९०३ मध्ये फोर्ड कंपनीच्या पहिल्या गाड्यांची एंजिने डॉज बंधूंच्या डिट्रॉइट येथील कारखान्याने पुरविली. पुढे १९१४ मध्ये डॉज बंधूंनी स्वतःच्या नावाची गाडी बाजारात आणली आणि पुरवठादार प्रतिस्पर्धी बनला.

पुरवठ्याचे प्रकार : (१) तयार एंजिन विकत घेणे : स्वीडनच्या साब ९६ या गाडीत १९६७ च्या नमुन्यापासून जुन्या द्विधाव एंजिनाऐवजी जर्मनीतील फोर्ड कारखान्याचे चार सिलिंडरांचे व्ही-आकाराचे एंजिन बसविण्यात आले व १९८० पर्यंत ते चालू राहिले. (२) परवाना वा हक्क घेऊन स्वतः बनविणे : जनरल मोटर्सच्या ब्यूइक विभागाने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे ३·५ लि. क्षमतेचे व्ही-८ एंजिन काही वर्षांतच बंद केले. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये त्याचे हक्क मिळविले. १९६७ पासून रोव्हरच्या गाड्यांत आणि १९७० पासून रेंज रोव्हर गाडीत ते वापरले गेले. १९६८ मध्ये मॉर्गन या छोट्या कारखान्याने ते रोव्हरकडून घेतले. (३) संयुक्त निर्मिती : प्यूझो, रेनॉल्ट व व्होल्व्हो यांनी मिळून फ्रान्समधील दूव्रँ येथे बनविलेले सहा सिलिंडरांचे एंजिन १९७४ मध्ये प्रथम व्होल्व्होच्या गाडीत आले. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१–८२ मध्ये तयार झालेल्या डीलोरियन गाडीतही तेच होते. अलीकडील उदाहरणांत टोयोटा व सुबारू यांच्या २०१२ च्या जोडगाड्यांतील सुबारूचे समोरासमोर सिलिंडर असलेले एंजिन आणि २०१९ च्या टोयोटा सुप्रातील बीएमडब्ल्यूचे एंजिन यांचा समावेश होतो.

जुळणी : दुसऱ्याचे एंजिन केवळ सांगाड्यात बसले म्हणजे काम संपत नाही. त्याच्या वजनामुळे पुढील व मागील आसांवरील भार बदलतो व त्यानुसार स्प्रिंगा, गतिरोधक (ब्रेक) आणि सुकाणू यंत्रणा यांत बदल करावे लागतात. एंजिनाचे आधार, क्लचाचे आवरण व दंतचक्र पेटी एकमेकांशी जुळावी लागतात. प्रारक (रेडिएटर) आणि निष्कास नळ्यांची मांडणी नव्याने ठरवावी लागते. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या काळात इंधन अंतःक्षेपणाची जुळवणी प्रत्येक गाडीच्या वजनानुसार व गुणोत्तरांनुसार वेगळी करतात. त्यामुळे एकच एंजिन दोन गाड्यांत निरनिराळी शक्ती व वर्तन दाखवू शकते.

अवलंबित्व : ब्रिटनच्या एसी कारखान्याची एस ही क्रीडा मोटारगाडी ब्रिस्टल कंपनीच्या २ लि. एंजिनामुळे नावाजली होती. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने हे एंजिन बंद केले, तेव्हा एसी कारखान्याला प्रथम फोर्डचे सहा सिलिंडरांचे एंजिन घ्यावे लागले. १९६२ मध्ये अमेरिकन शर्यतपटू कॅरल शेल्बी यांच्या पुढाकाराने याच गाडीत फोर्डचे व्ही-८ एंजिन बसवून कोब्रा ही गाडी तयार झाली. येथे अडचणीतून नवी गाडी जन्मली; परंतु असे नेहमीच घडत नाही. साब ९९ (१९६८) या गाडीसाठी ट्रायम्फकडून एंजिने घेण्यात आली होती. १९७२ पासून साबने त्याच आराखड्यात मोठे फेरफार करून स्वतःचे २ लि. एंजिन बनविण्यास आरंभ केला. लोटस एलीझ (१९९६) गाडीचे एंजिन रोव्हरचे होते. लोटसने २००४ पासून काही नमुन्यांत टोयोटाचे एंजिन घेतले व २००५ मध्ये रोव्हर कंपनी बुडाल्यावर उरलेल्या नमुन्यांसाठीही तोच आधार ठरला.

प्रश्न ग्राहकाच्या विश्वासाचाही असतो. १९७७ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्‌झमोबिल विभागाच्या काही गाड्यांत आपल्याच शेव्हरोले विभागाची एंजिने बसविली. नावाबरोबर एंजिनही ओल्ड्‌झमोबिलचे असल्याच्या समजुतीने गाडी घेणाऱ्यांनी दावे दाखल केले व कंपनीला भरपाई द्यावी लागली. एंजिन कोणाचे आहे हे ग्राहकाला सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, हा मुद्दा या प्रकरणाने ठळकपणे पुढे आला.

भारत : भारतात प्रीमियर कंपनीची ११८ एनई (१९८५) ही गाडी फिएट १२४ च्या घडणीची होती, मात्र तिचे १,१७१ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन निस्सानच्या आराखड्याचे होते. हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा व पुढे अँबॅसडर या गाड्यांना इसुझूचे १·८ लि. एंजिन दिले. मारुतीच्या झेन व एस्टीम या गाड्यांच्या डीझेल नमुन्यांत प्यूझोचे एंजिन होते.

या प्रथेचे भारतातील सर्वांत व्यापक उदाहरण म्हणजे फिएटचे १,२४८ घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे मल्टिजेट डीझेल एंजिन होय. यूरोपात २००३ मध्ये आलेले हे एंजिन सुझुकीने परवान्याने हरियाणातील मानेसर येथे बनविले व जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्टमध्ये आणले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फिएट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्यातही ते तयार होत असे. २००८ मधील टाटा इंडिका व्हिस्टा तसेच फिएटच्या पुंटो व लिनिया या गाड्यांत ते होते. मानेसरचे उत्पादन मागणीला अपुरे पडू लागल्यावर २०१२ मध्ये मारुतीने रांजणगावातून वर्षाला एक लाखापर्यंत एंजिने घेण्याचा करार केला. अशा रीतीने बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या गाड्या एकाच आराखड्याच्या एंजिनावर चालत होत्या.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या निष्कास मानकांसाठी या एंजिनात करावे लागणारे बदल लहान गाड्यांना परवडणारे नव्हते. त्यामुळे भारतात ते बंद झाले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले सर्व डीझेल नमुने एकाच वेळी थांबले. मारुतीने २०१९ मध्ये स्वतः विकसित केलेले १·५ लि. डीझेल एंजिनही याच सुमारास मागे घेतले. एका आराखड्यावर अनेक उत्पादक विसंबले असता खर्च सर्वांत वाटला जातो, तसाच त्या आराखड्याचा शेवटही सर्वांना एकदमच भोगावा लागतो. विद्युत् मोटारगाड्यांत एंजिनाची जागा विद्युत् घटमाला व चलित्र यांनी घेतली असून, ती कोणाची असावीत हा प्रश्न त्यांच्या उत्पादकांपुढेही याच स्वरूपात उभा आहे.