ठिणगीच्या मदतीला मायक्रोवेव्ह

सुरुवातीलाच कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत टेक्निकल लिहिण्याची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या!

गेल्या सेमिस्टरला माझा सेमिनार होता. विषय ‘मायक्रोवेव्ह प्लाझ्मा इग्निशन’. स्लाइड्स एकदम झकास. शेवटी मी ठणकावून सांगितलं, की या तंत्राने इंधन वाचतं आणि प्रदूषण कमी होतं. सरांनी शांतपणे विचारलं, “मग बाहेर पार्किंगमधल्या एकाही गाडीत हे का नाही?” माझी बोलतीच बंद! त्याचं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. तेच आज सांगते.

आधी आपल्या मेसच्या स्वयंपाकघरात जाऊ. मोठ्या शेगडीत हवा जास्त झाली, की ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते, फुरफुरते आणि विझते. असं का होतं? कारण ज्योत पुढे सरकण्याचा स्वतःचा एक वेग असतो. वायू त्यापेक्षा जोरात आला, की ज्योत उडून जाते. दोन्ही वेग जुळले तरच ती जागेवर टिकते. यालाच ज्योतीचं स्थैर्य म्हणतात. हवा जास्त झाली की हा जळण्याचा वेग कमी होतो, आणि सगळी गंमत बिघडते.

इंजिनातही तेच. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून बरीच जास्त दिली, म्हणजे मिश्रण पातळ केलं, तर इंजिनाची कार्यक्षमता वाढते. ज्वलनाचं तापमान उतरतं, त्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइड्स कमी तयार होतात. फायदाच फायदा! पण अशा मिश्रणात स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेला ज्योतीचा इवलासा गोळा फार अशक्त असतो. तो जेवढी उष्णता निर्माण करतो त्याहून जास्त आजूबाजूला आणि प्लगच्या धातूला देऊन बसला, की संपलं. इंजिन मिसफायर होतं आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर.

इथे मायक्रोवेव्ह येतो. मला आधी वाटायचं, की ओव्हनमध्ये चहा गरम होतो तसं इथे पेट्रोल गरम करत असतील. साफ चूक! मायक्रोवेव्ह इथे पकडतो तो मोकळ्या इलेक्ट्रॉन्सना. ठिणगी पडते तेव्हा वायूच्या काही रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा वायू म्हणजे प्लाझ्मा. मायक्रोवेव्हचं विद्युतक्षेत्र या इलेक्ट्रॉन्सना पळवतं. ते अतिशय हलके, म्हणून भराभर ऊर्जा घेतात. जड रेणू मात्र तुलनेने थंडच राहतात. आपल्या खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये हेच घडतं. आत इलेक्ट्रॉन प्रचंड ‘तापलेले’, तरी काचेला हात लावता येतो.

हे पळणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूवर आदळले, की त्याचे दोन अणू सुटे होतात. सुटा ऑक्सिजन अणू इंधनावर तुटूनच पडतो आणि ज्वलनाची साखळी लवकर सुरू होते. शिवाय ज्योतीच्या कडेलाही थोडे मोकळे इलेक्ट्रॉन असतातच. तिथेही मायक्रोवेव्ह ऊर्जा पोचवतो. म्हणजे ठिणगीने दार उघडायचं आणि मायक्रोवेव्हने ते उघडं धरून ठेवायचं.

जपानमध्ये कोबे इथल्या इमॅजिनिअरिंग या कंपनीच्या युजी इकेडा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली यावर पेपर प्रसिद्ध केले. लहरी ओव्हनच्याच, २.४५ गिगाहर्ट्झच्या. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्यासोबत १.४५ लिटरच्या बंद भांड्यात मिथेन आणि हवा पेटवून पाहिली. २०१३ साली आलेल्या त्या पेपरमध्येच मला सरांच्या प्रश्नाची किल्ली सापडली. साध्या ठिणगीने न पेटणारं पातळ मिश्रण मायक्रोवेव्हच्या मदतीने पेटत होतं, हे खरं. पण ज्योतीच्या वाढीला मिळणारी मदत दाबाबरोबर घटत गेली आणि ३ बारच्या वर जवळजवळ नाहीशी झाली!

कारण सोपं आहे. दाब वाढला की रेणूंची गर्दी वाढते. इलेक्ट्रॉनला पळायला जागाच मिळत नाही. वेग घेण्याआधीच टक्कर. सकाळी मेसच्या रांगेत धावून बघा, कळेल. आणि पूर्ण थ्रॉटलवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात ठिणगीच्या वेळी दाब ३ बारच्या कितीतरी वर असतो.

दुसरं कारण म्हणजे गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नेहमीचा थ्री-वे कन्व्हर्टर १४.७ च्या आसपासच नीट काम करतो. मिश्रण पातळ केलं, तर उरलेली नायट्रोजन ऑक्साइड्स त्याला साफ करता येत नाहीत. मग वेगळी यंत्रणा आली, खर्च आला. तिसरं, मायक्रोवेव्हची वीजही शेवटी इंजिनातूनच येणार. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरचं एक चक्र ४० मिलिसेकंदांत संपतं. त्यातल्या नेमक्या क्षणीच लहरी सोडल्या नाहीत, तर वाचवलेलं पेट्रोल वीज बनवण्यातच जाईल.

मग हे तंत्र फुकट का? मुळीच नाही. पातळ मिश्रण, कमी दाब आणि जेमतेम टिकणारी ज्योत असेल तिथे त्याचा खरा उपयोग. जिथे साधी ठिणगी उत्तम काम करते, तिथे त्याची गरजच नाही. (आणि हो, कृपया रूमवर ओव्हन उघडून प्रयोग करू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.)

हे सगळं लिहून मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मार्क काही वाढले नाहीत! पण एक गोष्ट शिकले. ज्युनिअर्सना एवढंच सांगते, सेमिनारमध्ये ‘फायदे’ या स्लाइडनंतर ‘हे कुठे चालत नाही’ अशी एक स्लाइड जरूर टाका. ती बनवताना विषय खरा समजतो.