गोचीड ताप (कुत्र्यांमधील)

गोचीड ताप हे गोचिडींमार्फत कुत्र्यांमध्ये पसरणाऱ्या काही रक्तरोगांचे प्रचलित नाव आहे. एर्लिकिओसिस, बबेसिओसिस, अ‍ॅनाप्लाज्मोसिस आणि हेपॅटोझूनोसिस हे या गटातील प्रमुख रोग होत. ताप, भूक मंदावणे, अशक्तपणा, रक्तक्षय व रक्तस्राव ही त्यांची ठळक लक्षणे आहेत. वेळीच निदान झाल्यास बहुतेक कुत्री बरी होतात. मात्र रोग जुनाट अवस्थेला पोहोचल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. उष्ण कटिबंधीय हवामानामुळे भारतात हे रोग सर्वत्र आढळतात.

गाई-म्हशींमध्ये थायलेरिया व बबेसिया यांच्यामुळे होणाऱ्या रोगांनाही ग्रामीण भागात गोचीड ताप म्हटले जाते. त्यांचे रोगकारक व उपचार वेगळे असून प्रस्तुत लेख केवळ कुत्र्यांमधील रोगाविषयी आहे.

रोगकारक

एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो. अ‍ॅनाप्लाज्मा प्लॅटिस हा जिवाणू रक्तबिंबिकांमध्ये (प्लेटलेटमध्ये) राहतो. बबेसिया हा एकपेशीय परजीवी असून तो तांबड्या पेशींमध्ये शिरून त्या नष्ट करतो. भारतात त्याच्या बबेसिया व्होगेली व बबेसिया गिब्सोनी या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. हेपॅटोझून कॅनिस हाही एकपेशीय परजीवी आहे. मात्र त्याची लागण गोचीड चावल्याने नव्हे, तर अंग चाटताना वा कुरतडताना कुत्र्याने बाधित गोचीड गिळल्याने होते.

एकाच गोचिडीच्या शरीरात एकाहून अधिक रोगकारक असू शकतात. त्यामुळे एका कुत्र्याला एकाच वेळी दोन रोग होणे असामान्य नाही, आणि एका रोगाचे औषध देऊनही आराम न पडण्याचे ते एक कारण असते.

वाहक गोचीड व तिचे जीवनचक्र

यांतील बहुतेक रोगांची वाहक तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) ही आहे. बबेसिया गिब्सोनीचा प्रसार हीमाफायसॅलिस प्रजातीच्या गोचिडींमार्फत होतो. शिवाय कुत्र्यांच्या आपसांतील भांडणात झालेल्या जखमांतून, रक्तसंक्रमणातून व मादीकडून गर्भातील पिल्लांनाही त्याची लागण होऊ शकते.

तपकिरी गोचिडीच्या अंडी, अळी, पोत व प्रौढ अशा चार अवस्था असतात. अळीला सहा, तर पुढील दोन्ही अवस्थांत आठ पाय असतात. प्रत्येक अवस्थेत ती एकदा कुत्र्याचे रक्त पिऊन खाली उतरते, कात टाकते व पुन्हा यजमान शोधते. रक्त पिऊन टंच झालेली मादी भिंतींच्या भेगा, फरशीच्या सांधी, पलंगाचे कोपरे, कुत्र्याचे घर अशा आडोशाच्या जागी हजारो अंडी घालून मरते. प्रौढ गोचीड अन्नावाचून अनेक महिने जिवंत राहू शकते.

ही गोचीड घराच्या आतही आपले संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करू शकते. त्यामुळे बाहेर फारसे न जाणाऱ्या, इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुत्र्यालाही हा रोग होऊ शकतो. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी घरातील एकूण संख्येचा केवळ लहानसा भाग असतात.

लक्षणे

एर्लिकिओसिसचा अधिशयन काल साधारणतः 8 ते 20 दिवसांचा असतो. त्यानंतर रोगाच्या तीन अवस्था मानल्या जातात.

तीव्र अवस्था: ही 2 ते 4 आठवडे टिकते. ताप येणे, जेवण सोडणे, सुस्ती, वजन घटणे, लसिका ग्रंथी व प्लीहा सुजणे, डोळ्यांतून व नाकातून स्राव येणे ही लक्षणे दिसतात. निरोगी कुत्र्याचे तापमान माणसापेक्षा जास्त, सुमारे 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस (101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट) असते. त्यामुळे केवळ अंगाला हात लावून तापाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

सुप्त अवस्था: काही कुत्री उपचारांवाचूनही बरी झाल्यासारखी दिसतात, परंतु जिवाणू शरीरात टिकून राहतो. ही अवस्था काही महिने ते काही वर्षे चालू शकते. या काळात रक्तबिंबिकांची संख्या किंचित घटलेली असणे हाच बहुधा एकमेव पुरावा असतो.

जुनाट अवस्था: अस्थिमज्जेचे कार्य मंदावून सर्व प्रकारच्या रक्तपेशींची निर्मिती घटते. हिरड्या व पोटाच्या त्वचेवर लाल-जांभळे ठिपके उमटणे, नाकातून रक्त वाहणे, काळसर शौच होणे, डोळ्यांत रक्त उतरणे ही लक्षणे दिसतात. जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांमध्ये ही अवस्था अधिक उग्र असते. या टप्प्यावर उपचारांना यश येण्याची शक्यता बरीच कमी होते.

बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी फुटत असल्याने हिरड्या फिक्या पडणे, कावीळ आणि गडद तपकिरी वा लालसर लघवी ही लक्षणे ठळक असतात. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहून फिकेपणा ओळखता येतो. फिक्या हिरड्या, नाकातील रक्तस्राव, गडद लघवी किंवा धाप यांपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते.

निदान

अंगावर गोचीड न सापडणे म्हणजे रोग नसणे असे नव्हे, कारण लक्षणे दिसेपर्यंत गोचीड रक्त पिऊन खाली उतरलेली असते. निदानासाठी पुढील तपासण्या केल्या जातात.

संपूर्ण रक्तगणना: तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका यांची संख्या पाहिली जाते. रक्तबिंबिकांची घट हा सर्वाधिक आढळणारा बदल आहे.

रक्तलेप: काचपट्टीवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगकारक शोधला जातो. तो दिसल्यास निदान पक्के होते. न दिसल्यास रोग नाही असे मात्र म्हणता येत नाही.

प्रतिपिंड चाचणी: ही काही मिनिटांत होते. मात्र लागणीच्या सुरुवातीला ती नकारात्मक येऊ शकते आणि बरे झाल्यावरही दीर्घकाळ सकारात्मक राहू शकते.

पीसीआर चाचणी: रोगकारकाच्या डीएनएचा शोध घेतला जातो. बबेसियाची नेमकी जात ठरवण्यासाठी ती विशेष उपयुक्त आहे.

उपचार

एर्लिकिओसिसवर डॉक्सिसायक्लिन हे मुख्य प्रतिजैविक असून ते सामान्यतः 28 दिवस दिले जाते. बहुतेक कुत्री 2-3 दिवसांतच तरतरीत दिसू लागतात. नेमक्या याच वेळी औषध थांबवण्याची चूक वारंवार घडते. जिवाणू पूर्णपणे नष्ट झालेला नसल्याने असे कुत्रे सुप्त अवस्थेत जाऊ शकते. औषधामुळे मळमळ होऊ नये म्हणून ते अन्नासोबत दिले जाते.

बबेसिया व्होगेलीवर इमिडोकार्ब हे इंजेक्शन सहसा 14 दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. बबेसिया गिब्सोनीवर ते फारसे उपयोगी ठरत नाही. त्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन व अ‍ॅझिथ्रोमायसिन यांचा एकत्रित वापर केला जातो. तीव्र रक्तक्षयात रक्तसंक्रमण करावे लागते. उपचार संपल्यावर रक्तगणना पुन्हा करून रक्तबिंबिका पूर्ववत झाल्याची खात्री केली जाते.

एकदा बरे झालेल्या कुत्र्याला कायमस्वरूपी प्रतिकारशक्ती मिळत नाही. पुन्हा गोचीड चावल्यास पुन्हा रोग होऊ शकतो. एर्लिकिओसिसवर सर्वसामान्य वापरात असलेली लस उपलब्ध नाही.

प्रतिबंध

प्रतिबंधाचे काम कुत्र्याच्या अंगावर आणि परिसरात एकाच वेळी करावे लागते.

औषधे: फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर यांच्या चघळण्याच्या गोळ्या, फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब व औषधी पट्टे वापरले जातात. गोळ्यांचा परिणाम औषधानुसार एक ते तीन महिने टिकतो. पूर्वी फेफरे आलेल्या कुत्र्याला या गोळ्या देण्याआधी पशुवैद्यकाला तशी कल्पना देणे गरजेचे असते. परमेथ्रिन हे मांजरांना अत्यंत विषारी असल्याने घरात मांजर असल्यास ते टाळले जाते.

तपासणी: फिरून आल्यावर कान, मान, काखा, जांघा व पायांच्या बोटांमधील जागा दररोज पाहिल्या जातात. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढतात आणि स्पिरिटमध्ये टाकतात.

परिसर: भेगा बुजवणे, अंथरुणे गरम पाण्यात धुणे, कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने स्वच्छ करणे आणि गरजेनुसार कीटकनाशकाची फवारणी करणे हे उपाय केले जातात. अंड्यांतून नवीन पिढी बाहेर येत असल्याने एका फवारणीने काम भागत नाही.

घातक घरगुती उपाय

गोचिडीवर रॉकेल ओतणे, तिला चटका देणे किंवा हाताने चिरडणे टाळावे. कुत्र्याच्या अंगावर रॉकेल, फिनाइल वा कापराचे तेल लावल्यास त्वचा भाजते किंवा विषबाधा होते. गुरांसाठीची गोचीडनाशके अंदाजाने वापरणेही धोक्याचे असून कोली व तत्सम जातींना आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा प्राणघातक ठरू शकते. ताप उतरवण्यासाठी माणसांचे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन दिल्यास यकृत, मूत्रपिंड वा जठराला इजा होते. मांजरांसाठी तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी असू शकते. पपईच्या पानांचा रस रोगकारकाचा नाश करत नाही. तो देत बसल्याने उपचारांना उशीर होतो.

मानवी आरोग्याशी संबंध

आजारी कुत्र्याला हाताळल्याने गोचीड ताप माणसाला होत नाही. तथापि तपकिरी गोचीड क्वचित माणसालाही चावते. भारतीय गोचीड टायफस या मानवी रोगाचा रिकेट्सिया कोनोराय हा जिवाणू तिच्यामार्फत पसरतो व या रोगाचे रुग्ण महाराष्ट्रातही आढळले आहेत. त्यामुळे घरातील गोचीड नियंत्रण हा कुटुंबाच्या आरोग्याचाही भाग ठरतो.

इतिहास

या रोगांच्या अभ्यासाचा भारताशी जुना संबंध आहे. हेपॅटोझून कॅनिसचे पहिले वर्णन 1905 साली भारतातील कुत्र्यांवरून झाले. बबेसिया गिब्सोनीची नोंद 1910 मध्ये पॅटन यांनी मद्रास येथील शिकारी कुत्र्यांमध्ये केली. एर्लिकिया कॅनिसचे वर्णन 1935 मध्ये दोनातिएं व लेस्तोकार यांनी अल्जीरियात केले; पुढे 1945 मध्ये पाउल एर्लिक यांच्या सन्मानार्थ या जिवाणूला सध्याचे प्रजातिनाम मिळाले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील अनेक कुत्री या रोगाने दगावल्यानंतर त्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले.