लसीनंतर झालं, म्हणजे लसीमुळे झालं का?

दिवाळीत गावाकडे गेले होते. आमचं गाव कळंब तालुक्यात. चुलतभावाचा मोठा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे (मराठीत याला स्वमग्नता म्हणतात). धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि पुढच्या महिन्यात तिचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस होता. वहिनींनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "ताई, तुम्ही एवढं शिकलाव, खरं सांगा. त्याला दीड वर्षाला बूस्टर दिला, रात्रभर तापला, अन् पुढच्या पंधरा दिवसांत 'आई' म्हणायचं बंद झालं. आता हिला देऊ का नको?"

फोनवर त्यांना एक व्हिडिओ आला होता. लसीमुळे ऑटिझम होतो, असं त्यात एक माणूस ठासून सांगत होता.

मी मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते, ऑटिझम हा माझा विषय नाही. "लस द्या" एवढं मी लगेच सांगू शकले असते. पण वहिनी खोटं बोलत नव्हत्या. आधी इंजेक्शन, मग बोलणं थांबलं, हा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. क्रम खरा असूनही कारण खोटं असू शकतं, हे कसं ओळखायचं? कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आपण पाठ करून टाकतो. पण तो पेपर असतो याच प्रश्नासाठी. म्हणून आज हा वाद त्या नजरेनं उलगडून बघू.

दावा आला कुठून?

फेब्रुवारी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या नामांकित जर्नलमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड आणि १२ सहलेखकांचा एक पेपर आला. त्यात फक्त १२ मुलं होती. त्यातल्या ८ मुलांच्या बाबतीत पालकांनी (किंवा डॉक्टरांनी) लक्षणांचा संबंध एमएमआर लसीशी, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीशी जोडला होता. गंमत म्हणजे संबंध सिद्ध झालेला नाही, हे त्या पेपरातच लिहिलं होतं. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी एकत्रित लस थांबवून वेगवेगळ्या लसी द्याव्यात असं सांगितलं. बातमी झाली ती याची.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकारानं २००४ पासून माग काढला. लस कंपन्यांविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी जाहीर केलं नव्हतं. मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी आणि पेपरातला मजकूर यांतही तफावत होती. २००४ मध्येच १० सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०१० मध्ये लॅन्सेटनं पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनं वेकफिल्ड यांचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं.

बरेच लेख इथेच थांबतात: माणूस लबाड निघाला, विषय संपला. पण संशोधनाच्या दृष्टीनं हे उत्तर अपुरं आहे. समजा वेकफिल्ड अगदी प्रामाणिक असते, तरी त्या १२ मुलांवरून काहीच सिद्ध झालं नसतं. का, ते बघू.

एक हिशेब करून बघा

वही घ्या. समजा १ लाख मुलं आहेत आणि त्यातल्या दर शंभरातल्या एकाला ऑटिझम आहे. म्हणजे १,००० मुलं. समजा या सगळ्यांची लक्षणं पालकांच्या लक्षात १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतात आणि ती या बारा महिन्यांत सारखी विभागलेली आहेत. आता सगळ्यांना बरोबर १८व्या महिन्यात डोस द्या. लसीचा ऑटिझमशी संबंध शून्य आहे असं धरा.

डोसनंतरच्या एका महिन्यात किती पालकांना लक्षणं दिसतील? १,००० भागिले १२, म्हणजे साधारण ८३.

संबंध शून्य असतानाही ८३ घरं शपथेवर सांगतील की लस दिली आणि महिन्याच्या आत मूल बदललं. त्यातलं एकही घर खोटं बोलत नसेल. वेकफिल्डना तर १२च मुलं हवी होती.

यातली निसटणारी गोष्ट अशी की डोसच्या आधीच्या महिन्यातही ८३ मुलांची लक्षणं दिसलेली असतील. पण ती घरं लसीबद्दल काही बोलणार नाहीत, कारण लस तेव्हा झालेलीच नव्हती. आपल्या कानावर फक्त नंतरचे ८३ येतात. (वरचे आकडे समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. खरं चित्र याहून गुंतागुंतीचं असतं, पण तर्क हाच.)

आपल्याकडच्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत येतात. ऑटिझम असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये शिकलेले शब्द किंवा हावभाव मागे पडतात, आणि तेही बहुधा याच वयात. दोन्ही घटना एकाच खिडकीत येतात. त्यामुळे गाठ पडणारच.

आठवणीचा खेळ

आपल्याकडे लोहारा-उमरग्याच्या बाजूला जुन्या माणसाला एखाद्या गोष्टीचं साल विचारा. "भूकंपाच्या आदल्या वर्षी" किंवा "भूकंपानंतर दोन वर्षांनी" असं उत्तर येतं. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख सगळ्यांच्या डोक्यात खुंटीसारखी ठोकलेली आहे आणि बाकीच्या आठवणी त्या खुंटीला टांगल्या जातात.

आईच्या आठवणीतही असंच होतं. इंजेक्शनचा दिवस लक्षात राहतो: रडारड, सुजलेली मांडी, रात्रभरचा ताप. मूल हाकेला कमी प्रतिसाद द्यायला लागलं, तो दिवस मात्र कुठल्याच कॅलेंडरवर नसतो. मग तो हळूहळू खुंटीकडे सरकतो. याला आठवणीचा पूर्वग्रह म्हणतात, इंग्रजीतला रिकॉल बायस. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात हे थेट दिसलं. ज्या मुलांचं बोलणं-वागणं मागे पडलं होतं, त्यांच्यापैकी एमएमआरच्या बातम्या गाजल्यानंतर ज्यांचं निदान झालं त्यांचे पालक सुरुवात लसीच्या लगेच नंतर झाल्याचं सांगण्याकडे जास्त झुकले होते.

उलट बाजूनं १९९४ मधला एक छोटा, सुंदर अभ्यास बघा. ऑटिझमचं निदान झालेली ११ मुलं आणि इतर ११ मुलं यांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओफिती संशोधकांनी तपासल्या. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं, बोट दाखवणं, हाकेला वळणं यांतला फरक पहिल्या वाढदिवसालाच दिसत होता. कॅमेऱ्याला आठवण नसते, म्हणून तो खुंटीकडे सरकत नाही. २२ मुलांचा नमुना लहानच, पण नोंद घटनेच्या वेळची आहे.

मग तपासायचं कसं?

एकच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतींनी विचारायचा.

पहिली पद्धत: मुलाची तुलना त्याच्याशीच. लसीनंतरच्या काळात निदानं जास्त दाटतात का? १९९९ मध्ये लंडन परिसरातल्या ऑटिझम असलेल्या ४९८ मुलांवर हे तपासलं गेलं. लसीनंतर दाटी आढळली नाही.

दुसरी: लस बंद झाली तर काय होतं? जपाननं १९९३ मध्ये एमएमआर देणं थांबवलं. योकोहामाच्या एका भागात पुढे ऑटिझमच्या निदानांचं काय झालं, ते संशोधकांनी पाहिलं. लस शून्यावर आली तरी निदानं वाढतच राहिली. कारण काढून घेतलं आणि परिणाम कमी झाला नाही, तर ते कारण कसलं?

तिसरी: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या मोठ्या गटांची तुलना. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या नोंदी एका क्रमांकाला जोडलेल्या असतात. १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. ६,५१७ मुलांना ऑटिझमचं निदान झालं होतं. लस घेतलेल्यांमधल्या धोक्याचं गुणोत्तर आलं ०.९३, आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.८५ ते १.०२.

हे वाचायचं कसं? १ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखा. मर्यादेत १ येतो, म्हणून लसीमुळे ऑटिझम कमी होतो असंही कुणी म्हणू नये. पण वरचं टोक १.०२ आहे, हे नीट बघा. मोठा धोका असता तर एवढ्या मुलांमध्ये तो लपून राहिला नसता. शास्त्रज्ञ "संबंध आढळला नाही" असं लिहितात, आणि लोकांना वाटतं की अजून कुणाला माहीत नाही. तुमच्या थिसिसमध्ये हे वाक्य लिहाल तेव्हा किती मुलांत आणि किती बारकाईनं शोधूनही आढळला नाही, तेही सोबत लिहा.

एमएमआरवरचा दावा पडला तसा तो थायोमर्सल या पारायुक्त संरक्षकाकडे सरकला. हे संरक्षक काही बहुडोस कुप्यांमध्ये वापरतात, पण गोवराच्या जिवंत-विषाणू लसीत ते नसतंच. डेन्मार्कनं १९९२ मध्ये ते बंद केलं, तरी तिथेही निदानं वाढतच गेली. दावा खोटा ठरला की गोलपोस्ट हलतो, हेही ओळखायला शिका.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर

त्यांचा खरा प्रश्न धाकटीचा होता: मोठ्याला ऑटिझम असताना हिला लस दिली तर? नेमका हाच प्रश्न २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानं विचारला होता. मोठं भावंडं असलेली ९५,७२७ मुलं घेतली, त्यातल्या १,९२९ मुलांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम होता. या मुलांमध्येही लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही.

पण अर्धं सत्य सांगून चालणार नव्हतं. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, लस दिली तरी आणि नाही दिली तरी. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. हे ऐकून वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हातून काही झालं नव्हतं." तीन वर्षं त्या हे ओझं घेऊन फिरत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

लस न देण्याचा धोका मात्र मोजता येतो. गोवर असलेला एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो, म्हणून तो रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. ब्रिटनमध्ये या वादानंतर लसीकरण २००३-०४ च्या सुमाराला ८० टक्क्यांपर्यंत घसरलं आणि गोवर परत आला. आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत वेगळीच अफवा होती, मुलांना पुढे मूल होणार नाही अशी. आणि कोविडकाळात डोस चुकल्यावर काय होतं, ते २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीनं पाहिलं. तिथे गोवरानं लहान मुलं गेली.

मी वहिनींना एकच काम सांगितलं: एक वही करा आणि आजपासून लिहा. हाक मारल्यावर बघते का, बोट दाखवते का, कोणते आवाज काढते, सगळं तारखेसकट. काही वेगळं वाटलं तर वाट न बघता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा, कारण लवकर सुरू केलेल्या थेरपीचा फायदा होतो. नंतर आठवून सांगण्यापेक्षा घडताना लिहिलेली नोंद केव्हाही भारी. पहिल्याच्या वेळी तेवढंच नव्हतं.

डोस झाल्यावर महिन्याभरानं त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. नवव्या दिवशी थोडा ताप, दोन दिवसांत उतरला, असं त्यात होतं. गोवराच्या लसीनंतर आठवड्यानं असा ताप येऊ शकतो. त्याच्या वरच्या ओळीत, लसीच्या चार दिवस आधीची तारीख टाकून लिहिलं होतं: "आज टाळ्या वाजवल्या."

पेपर वाचताना एवढं विचारत जा: मुलं किती होती, तुलना कुणाशी केली, नोंद केव्हा केली आणि आधीचे ८३ कुठे गेले?