पुठ्ठ्यावरचा फोटो कसा वाचावा

घरातली जुनी ट्रंक उपसताना किंवा मुंबईच्या चोर बाजारात कागदांचा गठ्ठा चाळताना कधी कधी पुठ्ठ्यावर चिकटवलेला तपकिरी फोटो हाती लागतो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कुणीतरी उभे असते. नाव नाही, तारीख नाही. तरीही तो कधीचा आहे, हे बऱ्याचदा पाच-दहा वर्षांच्या फरकाने सांगता येते. त्यासाठी चेहऱ्याआधी पुठ्ठा पाहायचा.

सुरुवात मोजपट्टीने करावी. पुठ्ठा साधारण ६४ × १०० मिलिमीटरचा असेल, तर ते ‘कार्त-द-व्हिझित’. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ साली त्याचे पेटंट घेतले. अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर आठ छबी घेता येत, त्यामुळे फोटो एकदम स्वस्त झाला. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉलने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाची अशी कार्डे विक्रीला काढली आणि ती जमवण्याचे वेडच लागले. पुठ्ठा १०८ × १६५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ते ‘कॅबिनेट कार्ड’. ते १८६६ पासून चालू झाले आणि राणीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, जोरात होते. माप कळले की निम्मे काम झाले.

मग कडा आणि कोपरे. १८६० च्या दशकातला पुठ्ठा पातळ, फिकट रंगाचा आणि चौकोनी कोपऱ्यांचा असतो. १८७० नंतर कोपरे गोल होऊ लागतात आणि पुठ्ठा जाड होत जातो. काळा, गडद हिरवा, किरमिजी असा रंग आणि तिरप्या कापलेल्या सोनेरी कडा दिसल्या, तर बहुधा १८८० चे दशक किंवा त्यानंतरचा काळ धरावा.

सर्वांत जास्त बोलते ती पाठ. सुरुवातीच्या कार्डांवर फोटोग्राफरचे नाव आणि पत्ता एवढेच, तेही बारीक अक्षरांत. पुढे वेलबुट्टी, राजचिन्हे आणि प्रदर्शनांतली पदके यांनी सगळी पाठ भरून जाते. पदकावर १८७८ असे साल असेल, तर कार्ड त्याआधीचे असूच शकत नाही. तळाशी अगदी बारीक ‘मॅरिऑन, पॅरिस’ असे छापलेले आढळते. तो फोटोग्राफर नव्हे, पुठ्ठा पुरवणारा व्यापारी. अमेरिकन कार्डामागे महसुलाचे तिकीट असेल, तर ते १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांतले, कारण फोटोंवरचा तो कर तेवढाच काळ होता. हाताने लिहिलेला क्रमांक दिसला, तर तो जरूर टिपून ठेवा. लंडनच्या कामिय सिल्व्हीच्या स्टुडिओच्या क्रमवार नोंदवह्या तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. क्रमांकावरून त्यांत माणसाचे नाव सापडू शकते.

आपल्याकडचे एक उदाहरण घ्या. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या पुठ्ठ्यावर नावाआधी ‘राजा’ असेल आणि पत्ता मुंबईचा असेल, तर दोन गोष्टी कळतात. ही पदवी त्यांना हैदराबादच्या निजामाने १८९४ मध्ये दिली आणि मुंबईचा स्टुडिओ १८९६ मध्ये निघाला. म्हणजे कार्ड १८९६ च्या अलीकडचे. मुंबईत फोटो काढण्याचे काम मात्र त्याच्या बरेच आधीपासून चालू होते. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. त्यांचे बंधू नारायण दाजी आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफी शिकलेले हरिचंद चिंतामण ही नावे पुठ्ठ्यावर दिसली, तर ते कार्ड जपूनच हाताळावे.

पाठ झाली की पुढची बाजू. १८६० च्या दशकात माणूस पायांपर्यंत दिसतो, शेजारी नकली खांब, कठडा किंवा पडदा. बुटांच्या मागे नीट पाहिले, तर लोखंडी बैठकीची कड दिसते. काही सेकंद मान हलू नये म्हणून मागे टेकूचा स्टँड लावत, त्याचा तो पाय. पुढच्या दशकांत कॅमेरा जवळ येत जातो आणि शेवटी केवळ डोके आणि खांदे उरतात. इंग्रज बायकांचे कपडे हा मोठा आधार आहे. घेरदार क्रिनोलीन १८६० च्या सुमाराचा, खांद्याशी फुगलेल्या प्रचंड बाह्या १८९५ च्या आसपासच्या. नऊवारी आणि पगडी मात्र अशी दर पाच वर्षांनी बदलत नव्हती. म्हणून मराठी घरांतल्या फोटोंसाठी पुठ्ठ्यावरच अधिक भिस्त ठेवावी.

कपडे जुने आणि पुठ्ठा नवा असे दिसले, तर गोंधळू नका. गेलेल्या माणसाच्या जुन्या फोटोवरून पुन्हा फोटो काढून घेण्याची पद्धत होती. अशा प्रतीत बारकावे पुसट होतात, कधी मूळ फोटोच्या कडाही दिसतात. शिवाय छापील पुठ्ठ्यांचा साठा संपेपर्यंत वापरला जाई. म्हणून एका खुणेवरून निकाल देऊ नये. प्रत्येक खूण ‘याच्या आधी नाही’ किंवा ‘याच्या फार नंतर नाही’ एवढेच सांगते. सगळ्या खुणा जिथे एकत्र येतात, तो काळ खरा.

शेवटी भिंग घ्या. अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग लावलेला अल्ब्युमेन कागद फार पातळ असतो. भिंगातून त्याचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळसर पडलेले असतात आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा असतात. १८८५ नंतर पसरलेल्या जिलेटिनच्या कागदात हे तंतू दिसत नाहीत. आणि चित्र ठिपक्याठिपक्यांचे दिसले, तर तो फोटो नव्हे, छापखान्यातली छपाई आहे. विकत घेण्याआधी हे पाहायलाच हवे.

संग्रह करताना अनोळखी चेहऱ्यांच्या ढिगापेक्षा एक धागा धरावा: एकच शहर, एकच स्टुडिओ, किंवा एकच दशक. पुठ्ठा कडेने कापलेला असेल, तर त्याची माहिती आणि किंमत दोन्ही घटतात. अल्बममध्ये बसवण्यासाठी कार्डे अशी कापली जात. नाव लिहिलेले कार्ड मात्र डागाळलेले असले, तरी सोडू नये.

जपण्याचे नियम थोडे, पण कडक आहेत. फोटो पुठ्ठ्यापासून कधीही सोडवू नका. पाण्याने पुसू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येक कार्ड स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. ती पाकिटे आम्लविरहित पेटीत ठेवून पेटी घराच्या कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर असू द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर पेटी उघडून बुरशी आणि कसर पाहावी. भिंतीवर लावायचा असेल, तर त्याची प्रत लावा, मूळ फोटो उजेडात ठेवू नका.

आणि एक काम याच आठवड्यात करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही कार्डे दाखवून माणूस कोण, नाते काय, गाव कोणते हे विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा. साल पुठ्ठ्यावरून पुढेही काढता येईल. नाव सांगणारे माणूस गेले, की ते मात्र परत मिळत नाही.