बूट बसवायचा कुठे?

स्कीच्या बाइंडिंगचा सव्वाशे वर्षांचा प्रवास सांगताना दोनच प्रश्न पुढे येतात. बूट धरायचा कसा आणि पडताना तो सोडायचा कसा. पहिल्याचं एक उत्तर नॉर्वेच्या फ्रिट्झ हुइटफेल्ट यांनी १८९४ मध्ये दिलं. त्यांनी बुटाच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पकड दिली. दुसऱ्याची सुरुवात अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्याल्मार व्हाम यांच्यापासून झाली. १९३७ मध्ये त्यांचा स्वतःचा पाय मोडला आणि उपचार चालू असतानाच बूट सोडून देणाऱ्या बाइंडिंगची कल्पना त्यांना सुचली. तिसरा प्रश्न मात्र फार काळ कुणी गांभीर्याने घेतला नाही. स्कीच्या लांबीवर बूट नेमका कुठे बसवायचा?

नॉर्डिक स्कीइंगमध्ये त्याला पक्कं उत्तर होतं. तिथे टाच मोकळी असते. पाऊल उचललं की स्की बुटाच्या टोकाशी लटकते, म्हणून ते टोक स्कीच्या तोलबिंदूवर. पुढे आल्प्सच्या उतारांवर टाच जखडली गेली आणि त्या नियमामागचं कारणच संपलं, तरी सवय राहिली. दुकानदार स्कीची लांबी मोजून तिच्या अर्ध्यावर बुटाचं टोक ठेवत. प्लॅस्टिकचे बूट आल्यावर बुटाच्या तळावर मध्यखूण आली, स्कीवर तिच्या जोडीची रेघ आली आणि दोन्ही जुळवून भोकं पाडली की काम झालं असं ठरलं.

या सोयीत एक अन्याय दडलेला होता. स्की वळते ती चवड्याच्या दाबाने, तळाच्या मध्याने नव्हे. मोठ्या बुटात चवडा मध्यखुणेच्या बराच पुढे असतो, लहान बुटात कमी. ३२५ मिलिमीटर तळाचा आणि २६५ मिलिमीटर तळाचा बूट एकाच रेघेवर बसवला, तर लहान पावलाचा चवडा सुमारे सेंटीमीटरभर मागे पडतो. हे लहान पाऊल बहुधा बाईचं. अमेरिकेत जीनी थोरेन यांनी हा मुद्दा लावून धरला. स्त्रियांचं गुरुत्वमध्य आणि पावलाची मापं पाहा, बाइंडिंग पुढे सरकवा, असं त्या सांगत राहिल्या. वळण जमत नाही म्हणून ज्यांना धीट होण्याचे सल्ले मिळाले, त्यांतल्या अनेकींना दोष आपला नसून भोकांचा आहे हे त्यांच्यामुळे कळलं. बाइंडिंगच्या इतिहासात मी थोरेन यांना व्हाम यांच्याच रांगेत बसवेन.

मग स्कीच बदलली. १९९३ मध्ये एलानची एससीएक्स आली, कंबर बारीक आणि लांबी कमी. १९९८ मध्ये सालोमोनची दोन्ही टोकं वळलेली टेनएटी आली. दोन मीटरच्या सरळ स्कीवर जो सेंटीमीटर हरवून जात असे, तो आता प्रत्येक वळणात जाणवू लागला. टोकं वर उचललेल्या रॉकर स्कीने तर लांबीच्या अर्ध्याचा हिशेबच निरर्थक केला, कारण कडक बर्फाला टेकतो तो भाग पुष्कळ आखूड. स्कीवर एका रेघेऐवजी रेघांची शिडी छापली जाऊ लागली.

शिडीवर चढायचं कसं? नेहमीच्या बाइंडिंगमध्ये टाचेचा भाग सरकतो, पण तो बुटाच्या मापापुरता. पुढचा भाग स्क्रूने खिळलेला. जागा बदलायची तर नवी भोकं पाडावी लागतात, आणि जुन्या भोकाला फार खेटून पाडलेल्या भोकात स्क्रू धरत नाही. उत्तर भाड्याच्या दुकानांत आधीपासून होतं. दिवसभरात दहा मापांचे बूट बसवायचे म्हणून तिथे पुढचा आणि मागचा, दोन्ही भाग रुळांवर. हीच रचना डेमो बाइंडिंग म्हणून विकत मिळू लागली. वजन थोडं जास्त, पाऊल बर्फापासून थोडं उंच. कसलेल्यांना ते खटकतं. मला ही किंमत रास्त वाटते, विशेषतः स्की नवी असेल आणि पाऊल लहान असेल तर.

घेताना पाहायचं ते रुळावर उरलेलं अंतर. बूट मोठा असला की टाचेचा भाग रुळाच्या टोकाला पोहोचतो आणि मागे सरकायला जागाच राहत नाही. तळाचा प्रकारही जुळला पाहिजे, साधा अल्पाइन की चालायला सोयीचा ग्रिपवॉक. आणि दोन्ही भाग सरकवल्यावर टाचेकडून बुटावर येणारा दाब दरवेळी तपासलाच पाहिजे. तो चुकला तर डिनचा, म्हणजे किती जोराला बूट सुटावा हे ठरवणारा आकडा कितीही अचूक लावा, बूट वेळेवर सुटेल याची खात्री नाही.

पारख एकाच उतारावर, एका वेळी सेंटीमीटरभर सरकवून करावी. पुढे नेलं की वळण चटकन सुरू होतं, पण खोल ताज्या बर्फात टोक बुडू लागतं. मागे नेलं की टोक तरंगतं, पण वळणाला नडगी बुटाच्या जिभेवर जोराने रेटावी लागते. म्हणून कडक बर्फावर जुळलेली जागा मऊ बर्फावर पुन्हा तपासावी, आणि दोन्हींसाठी वेगळी जागा ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवावी. रूळ त्यासाठीच आहेत.