गळ्यातली गाठ : लेखांक ५ – विरघळवणारी गोळी

"एक घोट तोंडात घ्या आणि गिळा." पाणी गिळताना मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांमागची गाठ वर सरकते आणि पुन्हा खाली येते. थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला बांधलेली असते, म्हणून गिळताना ती तिच्याबरोबर वर जाते. गाठ थायरॉइडची आहे का, हे त्या एका घोटात बरंचसं कळतं.

सुईच्या तपासणीबद्दल आपण मागच्या लेखात वाचलं. तिचा रिपोर्ट 'साधी गाठ, कॅन्सर नाही' असा आला की बाईंचा जीव भांड्यात पडतो आणि पुढचा प्रश्न येतो, "मग ती विरघळायची गोळी द्या ना. माझ्या जावेला दिली होती."

दिली असणार. कित्येक वर्षं तशी रीतच होती आणि तिच्यामागचा विचारही चांगला होता. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचं संप्रेरक सोडते. ते थायरॉइडला कामाला लावतं आणि वाढायलाही लावतं. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच संप्रेरक, बाहेरून गोळीने गरजेपेक्षा थोडं जास्त दिलं, की पीयूषिका टीएसएचचा हात आखडता घेते. खतपाणी तुटलं म्हणजे गाठ सुकेल, असा हिशेब.

हा हिशेब अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पडताळून पाहिला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापला. ५३ रुग्ण, काहींना थायरॉक्सिन, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. सहा महिन्यांनी सोनोग्राफीवर गाठी मोजल्या. टीएसएच ठरल्याप्रमाणे दबलं होतं. गाठींच्या आकारात मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता! पुढच्या अभ्यासांत काही गाठी आक्रसल्या, जास्त करून आयोडीन कमी असलेल्या मुलखात. पण गोळी थांबली की त्या पुन्हा वाढू लागत.

आणि टीएसएच वर्षानुवर्षं दाबून ठेवणं फुकट पडत नाही. फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावात साठी ओलांडलेल्या सुमारे दोन हजार लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं टीएसएच अगदी खाली होतं, त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा विकार, तिपटीने आढळला. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही ठिसूळ होतात. साध्या गाठीसाठी हे ओढवून घेणं मला पटत नाही. जिथे मिठातून पुरेसं आयोडीन मिळतं, तिथे ही गोळी सरसकट देऊ नये, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशननेही २०१५ मध्ये सांगितलं.

"मग मी काय करू?" टीएसएच नॉर्मल आहे, गिळताना त्रास नाही, श्वास अडत नाही. अशा वेळी वर्ष-दीड वर्षाने सोनोग्राफी करून गाठ मोजायची, एवढंच. ती दाबायला लागली तर ऑपरेशन आहे, काही ठिकाणी सुईतून उष्णता देऊन गाठ जिरवतातही. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

जावेची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. तिची थायरॉइड मंदावलेली असेल, तर तीच गोळी तिला रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावीच लागेल. म्हणून तिने ती मनाने बंद करायची नाही. पुढच्या खेपेला तिला आणि तिची जुनी फाईल बरोबर आणा, गोळी सुरू होण्याआधीचं टीएसएच किती होतं ते पाहू.